वरची फळी

थोरलीने पेन डाव्या हातात धरलं आणि चिठ्ठीवर पहिलं अक्षर काढलं. ते खेकड्यासारखं तिरकं चालत गेलं. बरं झालं, तिला वाटलं, अक्षर कुणी ओळखता कामा नये. तसंही उजव्या हाताने दोन ओळी लिहिल्या की मानेपासून बोटांपर्यंत कळ जायची, म्हणजे चोरीत सोयही झाली.

वेदना क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत सहा-सात जण आपापली पाठ, कंबर, गुडघा सांभाळून बसले होते. समोरच्या काचेच्या दारामागे बैठक चालली होती. दोन डॉक्टर, सिस्टर, व्यायाम शिकवणारे सर, आणि सगळ्यांच्या मधोमध, गळ्यात ‘रुग्ण प्रतिनिधी’ असं कार्ड अडकवून, तिची धाकटी जाऊ. काचेतून बोलणं ऐकू येत नव्हतं, हसणं तेवढं येत होतं. धाकटी हात नाचवत काहीतरी म्हणाली आणि मोठे डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. अकरा वर्षांत थोरलीने त्यांचे दात पाहिले नव्हते. आज पाहिले. चांगले होते.

तिने ओठ आवळून पुढे लिहायला घेतलं.

‘शून्य ते दहा विचारता. मी अकरा वर्षं चार लिहिते. चार म्हणजे काय, हे तुम्ही कधी विचारलं नाही. चार म्हणजे घरातल्या नऊ वस्तू मी वरच्या फळीवरून खाली आणून ठेवल्या. एकेक करून. घरात कुणाला कळलं नाही.’

इथे खरं तर थांबता आलं असतं. पण काचेमागे पुन्हा हशा उठला. थोरलीने थोडी जागा सोडली आणि खाली लिहिलं :

‘आणि प्रतिनिधी निवडताना जास्त बोलणारी निवडू नका. ज्या बाई खुदूखुदू हसत जिने चढतात त्यांना कितीसं दुखत असणार? त्यांचे आठ खरे धरू नका.’

धाकटी फॉर्मवर आठ लिहिते हे तिने मागे एकदा खांद्यावरून डोकावून पाहिलं होतं. आठ! पाचाच्या वर आकडा लिहायचा म्हणजे चारचौघांत हात पसरायचा, असं थोरलीला वाटायचं. चार कसा सभ्य आकडा. दुखतंय, पण आमचं आम्ही बघतो. आणि ही दोन वर्षांपूर्वी इथे आलेली पोर, जिच्या रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले, जिच्या फोटोत एक मणका हललेला नाही, ती खुशाल आठ लिहून मोकळी. थोरलीकडे निदान एक्स-रे होता. मानेतली झिजलेली जागा त्यात स्पष्ट दिसायची. तिने तो कपड्यांच्या कपाटात, जरीच्या कापडांखाली, नीट सपाट ठेवला होता.

शिवाय धाकटीला इथे आणलं कुणी? तिनेच. “सगळं अंग दुखतं, ताई, आणि कुणाला दाखवता येत नाही,” असं म्हणून ती रडली होती, तेव्हा हाताला धरून तिला या क्लिनिकमध्ये आणून बसवणारी थोरलीच. पुढे डॉक्टरांनी नवा अभ्यास काढला. दुखणं मोजायचा नवा फॉर्म बनवायचा, आणि तो दुखणं असलेल्यांना विचारूनच बनवायचा. क्लिनिकचा कारभारही त्यांच्याच सूचनांनी सुधारायचा. तेव्हा सिस्टरने दोघींसमोर विचारलं होतं, “आमच्याबरोबर बसायला कुणाला आवडेल?” थोरलीने विचार करायला एक श्वास घेतला. तेवढ्यात धाकटी “मला!” म्हणाली होती. एका श्वासाने गेलं सगळं.

पोटात दुखत होतं, हे थोरलीला कळत होतं. पण या दुखण्यासाठी क्लिनिककडे फॉर्म नव्हता.

तिने चिठ्ठीची चौपदरी घडी घातली. घडी उलगडू लागली, तशी ब्लाउजच्या काठाला खोचलेली निळ्या मण्याची टाचणी काढून तिने ती बंद केली आणि सूचनापेटीत टाकली. काचेचं दार उघडलं.

“ताई, कंटाळलात?” धाकटी जवळ येत म्हणाली. “चला. आज काय मजा झाली सांगते.”

“सांग की,” थोरली म्हणाली. “तेवढ्याचसाठी बसले होते.”

*

दोघी एकाच घरात राहत होत्या. खाली थोरली, पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम. वर धाकटी. मधला जिना एकवीस पायऱ्यांचा, आणि कठडा वर जाताना उजव्या हाताला. उजवा हात कठड्यावर टाकला की थोरलीला तारे दिसायचे, त्यामुळे दोन वर्षांत ती वर गेलेली नव्हती. काही हवं असेल तर जिन्याखालून हाक मारायची, की धाकटी धाडधाड खाली. थोरलीने कशाला वर जायचं, हेही होतंच त्यात.

रविवारी सकाळी धाकटी आठवड्याच्या सुया ओवून द्यायला यायची. थोरलीच्या बोटांना आता सुईचं नेढं सापडत नव्हतं. काळ्या दोऱ्याच्या पाच, पांढऱ्याच्या पाच, उरलेल्या हातात असतील त्या कापडांच्या रंगाच्या. वीस सुया पिनांच्या उशीत शेपट्या सोडून उभ्या राहिल्या की थोरलीचा आठवडा निघायचा. याबद्दल ती धाकटीला कधी काही म्हणाली नव्हती आणि धाकटीनेही कधी काही ऐकवलं नव्हतं.

त्या रविवारी धाकटी काखेत एक मोठी पिशवी घेऊन आली आणि कापड बेतायच्या टेबलावर तिने ती उपडी केली. चिठ्ठ्यांचा ढीग पडला.

“या काय?” थोरलीने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“सूचनापेटी. यावेळी निवडायचं काम माझ्याकडे दिलंय. इथे करू ना? तुमच्या टेबलाची उंची बरी आहे. वाकायला नको, हात वर करायला नको.”

“कर की. टेबल काय माझ्या बापाचं आहे?”

“तुमच्याच बापाचं आहे, ताई. तुम्हीच सांगितलंय.”

थोरलीने मशीनवर मान घातली. धाकटी उभ्या उभ्या चिठ्ठ्या उघडत वाचू लागली.

“‘पंखा थेट मानेवर येतो. मान दुखते म्हणूनच आलो आहे.’ बरोबर आहे बिचाऱ्याचं. ‘सिस्टर फार गोड बोलतात पण सुई तशीच टोचतात.’ ‘सोफ्यातून उठायला दोन माणसं लागतात. त्यातला एक मी.’” ती खिदळली. “हे ड्रायव्हरकाका असणार. ऐकताय ना?”

“ऐकतेय.”

“आणि ही बघा. हिला कुणीतरी टाचणी लावलीये.”

मशीनचं चाक थोरलीच्या तळव्याखाली थांबलं.

धाकटीने चिठ्ठी उजेडाकडे धरली होती. निळा मणी. टाचणी घड्यांमधून जाऊन पुन्हा आत वळलेली, टोक कागदाच्या पोटात लपलेलं. सामान्य माणूस टाचणी लावतो तेव्हा टोक बाहेर राहतं. टोक पुन्हा आत घालायचं, अंगावर कपडा घालून बघणाऱ्या बाईला टोचू नये म्हणून, हे शिवणकामातली माणसंच करतात. थोरली गेली तीस वर्षं करत होती. तिने हात बदलला, अक्षर बदललं, आणि टाचणी मात्र बोटांनी तिला न विचारताच लावून टाकली.

धाकटीने टाचणी काढली. वाचलं. मग खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा वाचलं, यावेळी खालपर्यंत.

“काय लिहिलंय?” थोरलीने विचारलं. तिने मुद्दाम दातांत दोरा धरला होता.

“फळ्यांबद्दल आहे काहीतरी.”

“फळ्या? क्लिनिकमध्ये कुठे आल्या फळ्या?”

“तेच ना,” धाकटी म्हणाली.

तिने चिठ्ठीची पुन्हा तशीच घडी घातली, टाचणी लावली आणि टोक आत वळवलं. “टोचायला नको कुणाला,” ती म्हणाली. मग तिने वीसच्या वीस सुया ओवल्या. जांभळा दोरा तिसऱ्यांदा ओवावा लागला. आज तिने मजा सांगितली नाही.

जाताना दारात ती थांबली.

“ताई, तुमची झिगझॅग कात्री नेऊ का वर?”

“कशाला?”

“आहे काम.”

“कापडाची आहे ती. कागद कापलास तर धार जाईल, सांगून ठेवते.”

“बरं,” धाकटी म्हणाली आणि कात्री घेऊन गेली. कात्री पूर्वी खिडकीच्या वरच्या खिळ्याला असायची. आता ती मशीनच्या पायाशी, खोक्यात असायची. ती घ्यायला धाकटीला खाली वाकावं लागलं. वाकताना तिने टेबलाची कड धरली होती, पण थोरलीचं लक्ष पिशवीकडे होतं.

*

पुढचे पंधरा दिवस थोरलीने वाट पाहण्यात काढले. वरून पावलं वाजली की तिला वाटायचं, आली. आता भांडण होणार. तिने उत्तरंसुद्धा तयार ठेवली. ‘मी नाव कुठे घेतलंय तुझं?’ हे एक. ‘लोकांना जे वाटतं ते लोक लिहितात’ हे दुसरं. धाकटी खाली आली, भाजी ठेवून गेली, कोपऱ्यावरच्या दुकानातून अस्तर आणून दिलं, रविवारी सुया ओवल्या. तयार उत्तरं तशीच पडून राहिली. न्यायला कुणी न आलेल्या कपड्यांसारखी.

थोरलीच्या नवऱ्याने एका संध्याकाळी विचारलं, “तुमचं काही झालंय का दोघींचं?”

“काय व्हायचंय?”

“नाही, तू आज तिला ‘अहो’ म्हणालीस.”

मग क्लिनिकमध्ये सगळ्या रुग्णांना बोलावलं. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर नवा फलक लावला होता. वर मोठ्या अक्षरांत : ‘तुम्ही म्हणालात, आम्ही केलं’. पंख्याची जागा बदलली होती. सोफा जाऊन हात असलेल्या ताठ खुर्च्या आल्या होत्या. आणि फलकाच्या बरोबर मध्यभागी एक चिठ्ठी होती. खेकड्यासारखं तिरकं अक्षर.

थोरली जवळ गेली. ‘घरात कुणाला कळलं नाही’ या वाक्यापाशी कागद संपत होता. त्याच्या खाली दातेरी कड, एकसारखी, सुबक. चिठ्ठी निळ्या मण्याच्या टाचणीने फलकाच्या कापडाला लावली होती. टोक आत.

कागद कापलाच हिने, थोरलीच्या मनात आलं. गेली धार.

तिने इकडेतिकडे पाहिलं. धाकटी लांब, खुर्च्या सरळ करत होती.

मोठे डॉक्टर उभे राहिले. नवा फॉर्म तयार झाला आहे, ते म्हणाले. आकडा राहील, पण आता तो दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यातला पहिला या चिठ्ठीमुळे आला. त्यांनी चष्मा लावून वाचला : “‘दुखण्यामुळे घरातली कुठली वस्तू तुम्ही खाली, जवळ किंवा हाताशी आणून ठेवली आहे?’ आम्ही दहाएक जणांना हा प्रश्न विचारून पाहिला. जे लोक वर्षानुवर्षं तीन आणि चार लिहीत होते ना, ते या प्रश्नावर अर्धा तास बोलले.” मग ते फलकाकडे वळले. “ही चिठ्ठी आमच्या नजरेतून सुटली असती. आमच्या प्रतिनिधींनी हट्ट धरला. म्हणाल्या, हा प्रश्न पहिला नसेल तर माझं कार्ड परत घ्या.”

टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटी लाजली.

थोरलीनेही टाळ्या वाजवल्या. उजवा हात स्थिर ठेवून डाव्याने त्यावर मारायच्या, तशा.

माझं वाक्य, तिच्या मनात चाललं होतं. फळी माझी, नऊ वस्तू माझ्या, मान माझी. टाळ्या तिला. आणि उठून सांगायचं तर कागदाचा उरलेला अर्धा भाग कुठेतरी आहेच.

“ज्याने कुणी लिहिलंय ना,” शेजारचे ड्रायव्हरकाका म्हणाले, “त्याने माझ्या घरात येऊन बघितल्यासारखं लिहिलंय. माझी गाडीची किल्ली सात वर्षं चपलांच्या खणात आहे. बायकोला वाटतं मी वेंधळा.”

“मी पण पेटीत अगदी असंच काहीतरी टाकलं होतं,” पलीकडच्या बाई म्हणाल्या.

“असंच म्हणजे कसं?” थोरलीने एकदम विचारलं.

“म्हणजे, साधारण असंच.”

“अक्षर तुमचं आहे का?”

बाई गोंधळल्या. “अहो, नाही… तुम्ही का चिडताय?”

“मी कुठे चिडतेय,” थोरली म्हणाली आणि पदर सारखा केला. आपल्याच निनावी चिठ्ठीचा कुणाला हेवा वाटला असेल का जगात, तिला वाटलं. असेल तर त्याला किती आकडा देतात?

घरी येताना दोघी बसस्टॉपपर्यंत चालत गेल्या. धाकटीने कार्ड काढून पर्समध्ये टाकलं होतं.

“चांगलं बोलले डॉक्टर,” थोरली म्हणाली.

“हं.”

“तुझं नाव झालं.”

धाकटीने पर्सची चेन ओढून लावली. “अजून एक सूचना आलीये, ताई. प्रतिनिधी जास्त बोलते म्हणून.”

थोरलीने समोर पाहिलं. रस्ता सरळ होता, लांबवर बस दिसत नव्हती.

“मग?”

“मग काय. त्यावर काम चालू आहे,” धाकटी म्हणाली. आणि खरोखरच ती बस येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. अठरा मिनिटं. इतकी लांब अठरा मिनिटं थोरलीने आजवर काढली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गिऱ्हाईक धागे सुटणाऱ्या कापडाचा झगा टाकून गेलं. त्याच्या शिवणी झिगझॅग कात्रीने कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. थोरली जिन्याखाली उभी राहिली आणि हाक मारायला तिने तोंड उघडलं. मग मिटलं.

ती उजव्या हाताने पदर आणि डाव्या हाताने भिंत धरून चढू लागली. सातव्या पायरीला थांबली. चौदाव्याला बसली. एकविसाव्याला तिला स्वतःचाच श्वास कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा ऐकू आला.

दार लोटलेलंच होतं, तिने ते ढकललं. धाकटी स्वयंपाकघराच्या जमिनीवर सतरंजीवर उताणी पडली होती, गुडघे वर, डोळे मिटलेले. थोरलीने हा चेहरा पूर्वी पाहिलेला नव्हता. त्यावर हसण्याची एकही घडी नव्हती. तोंड किंचित उघडं, आणि श्वास मोजून घेतल्यासारखा. पायरीवर चप्पल सरकली. धाकटीने डोळे उघडले आणि दारात पाहुणे दिसल्यावर बाई पदर सावरते तसं घाईघाईने हसू सावरलं.

“ताई? वर कशा आलात तुम्ही? हाक मारायची.”

“कात्री हवी होती.”

“आणून दिली असती की.”

“कागद कापलास ना तिने?”

“कापला.”

“धार गेली असेल.”

“गेली,” धाकटी म्हणाली. “तिथे आहे, बघा. खालीच.”

थोरलीने खाली पाहिलं, आणि मग वर.

भिंतीवरच्या दोन्ही फळ्या रिकाम्या होत्या. पुसलेल्या, स्वच्छ, वर्तमानपत्रसुद्धा काढून टाकलेलं. आणि खाली, भिंतीच्या कडेने, विटांवर एक लांब फळकूट टाकून त्यावर डबे ओळीने मांडलेले. मीठ, पीठ, डाळ. इस्त्री. औषधांची पेटी. आरसासुद्धा खिळ्यावरून उतरवून भिंतीला टेकवलेला, असा की जमिनीवर बसल्याशिवाय त्यात तोंड दिसणार नाही.

थोरली दाराच्या चौकटीला टेकली.

“कधीपासून?” तिने विचारलं. हनुवटीने फळी दाखवली.

“दीड वर्ष झालं असेल. तुमचं बघूनच सुचलं.” धाकटी कुशीवर वळली, हात टेकून, एकेक भाग उचलत उठून बसली. “तुमची इस्त्री एके दिवशी जमिनीवर आली. मग बटणांचा डबा आला. मग कात्री. भाऊजींना वाटलं, तुम्हाला टापटिपीचं वेड लागलंय. मी म्हटलं, ही युक्ती बरी आहे. कुणाला सांगावं लागत नाही.”

भिंतीचा आधार घेत थोरली हळूहळू खाली बसली. बसल्यावर आरशात तिला दोघींचे चेहरे शेजारी शेजारी दिसले. एवढ्या जवळून दोघी कुठल्या फोटोतही नव्हत्या.

“तू खाली धाडधाड येतेस,” ती म्हणाली.

“हळू आले तर वेळ लागतो. वेळ लागला की तुम्ही विचारणार, काय होतंय म्हणून.”

“मी कशाला विचारतेय.”

“तेही आहे,” धाकटी म्हणाली. यावेळी ती खरोखर हसली. “चहा टाकायचा का? तुम्ही आलातच आहात तर.”

“तू बस. मी टाकते. इथे काही वर हात करायला नकोच आहे.”

पण ती लगेच उठली नाही. तिची नजर डब्यांच्या ओळीवरून जात होती, डावीकडून उजवीकडे. मोजायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी इस्त्री, पेटी, आरसा धरून मोजून झालंच. दीड वर्षांत. तिच्या स्वतःच्या नऊच होत्या.

“अकरा,” थोरली म्हणाली.

“काय अकरा?”

“काही नाही. साखरेचा डबा कितवा?”